नव्वदच्या पुढे गाडी थरथरते, शॉकअप बदलू का?

विजापूर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय. पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेत, चारही टायर वर्षापूर्वी नवे टाकलेत. दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाणं असतं. शहरात गाडी अगदी मऊ चालते. हायवेला मात्र ८५ ला स्टीअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होते, ९५ ते १०० ला सगळ्यात जास्त जाणवते आणि ११० च्या आसपास बरीच कमी होते. आतापर्यंत तीनदा अलाइनमेंट आणि दोनदा बॅलन्सिंग करून झालंय. आता गॅरेजवाल्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप आणि लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बदलायला सांगितलेत, खर्च १८ हजार. बदलू का, असा प्रश्न आहे.

दादा, आत्ता बदलू नका. शॉकअप खराब नसतीलच असं मी म्हणत नाही, गाडी न बघता तसं म्हणता येणार नाही. पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती शॉकअपची नाहीत. मी २४ वर्षं सोलापुरात चाकं आणि सस्पेन्शनचंच काम करतोय. शॉकअप बदलून आलेल्या आणि तरीही तशाच थरथरणाऱ्या गाड्या मला दर महिन्याला बघायला मिळतात. माणसाचे पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

साधी गोष्ट आहे. एका लयीत येणारी थरथर फिरणाऱ्या वस्तूतूनच येते. चाक फिरतं, डिस्क फिरते, शाफ्ट फिरतो, इंजिन फिरतं. शॉकअप फिरत नाही, लोअर आर्म फिरत नाही. ते ढिले असतील तर दुसरीकडून आलेला हादरा अडवत नाहीत, उलट मोठा करून तुमच्या हातापर्यंत पोचवतात, हे खरं. पण हादरा जन्माला कुठं येतो हे आधी शोधायला हवं, आणि तुमच्या गाडीत ते अजून कुणी शोधलेलं दिसत नाही.

ठराविक वेगालाच का जाणवतं, ते आधी सांगतो, कारण निदानाची निम्मी वाट तिथंच मोकळी होते. तुमच्या गाडीचा टायर १८५/६५ आर १५ धरला तर चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे चाकाचे सेकंदाला १४ ते १५ फेरे. चाकाच्या कडेला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते दर फेऱ्याला साडेचार ते पाच किलोच्या जोरानं हबला, म्हणजे रिम जिथं बसते त्या भागाला, ओढतं. ५० च्या वेगाला तोच जोर एक चतुर्थांश होतो, सव्वा किलोच्या आतबाहेर. म्हणून सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत तुम्हाला काहीच कळत नाही.

मग ११० ला कमी का होतं? आपल्याकडं सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात यंत्रमाग होता त्यांना हे लगेच कळेल. मागाची मोटर बंद केली की वेग उतरत जातो, आणि उतरताना मध्येच एका क्षणी फळीवरची भांडी वाजतात, मग शांत होतात. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक हलण्याची लय असते. धक्के त्या लयीशी जुळले की ती जोरात हलते, वेग पुढं किंवा मागं गेला की सुटते. गाडीचं पुढचं चाक, स्टीअरिंगची जोडणी आणि सांध्यांतले रबरी बुश (धक्का शोषणाऱ्या रबरी कड्या) यांची मिळून अशीच एक लय असते, आणि बऱ्याच लहान गाड्यांत ती ८० ते ११० च्या दरम्यान चाकाच्या फेऱ्यांशी जुळते. म्हणजे तुम्ही लिहिलेला आकडा मला सांगतो, की एका फेऱ्याला एक धक्का येतोय. चाकाकडं बोट दाखवणारी ही सगळ्यात मोठी खूण.

आता अलाइनमेंट. तीनदा केलीत, ती वाया गेली असं नाही, टायर सारखे झिजतील. पण अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा आणि कल. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायरची एक कड खाल्ली जाते. थरथर येत नाही. एकच अपवाद: अलाइनमेंट बरेच दिवस बिघडलेली राहून टायर खालीवर झिजला असेल, तर तो खडबडीत टायर आवाजही करतो आणि हादराही देतो. तिथंही नंतर केलेली अलाइनमेंट झिजलेला टायर परत भरून आणत नाही.

गाडी माझ्याकडं आली की मी आधी पान्हा हातात घेत नाही, मालकाला शेजारी बसवतो आणि हायवेला चक्कर मारतो. मोहोळच्या दिशेनं जायचं, रस्त्याचा एक सपाट तुकडा निवडायचा, परत येताना समोरच्या बाजूनंही तसाच तुकडा बघायचा. दोन्हीकडं सारखं जाणवलं तर दोष गाडीचा, एकीकडंच जाणवलं तर रस्त्याचा. या चकरेत मी चार गोष्टी बघतो, त्या तुम्हीही बघू शकता. पण वेगाकडं आणि हातातल्या थरथरीकडं एकट्या माणसाचं लक्ष एकाच वेळी राहत नाही, म्हणून शेजारी कुणाला तरी बसवा, आणि १०० च्या वर जाऊ नका. तुमचा दोष १०० च्या आतच पूर्ण दिसतोय.

पहिली गोष्ट, थरथर हाताला की बुडाला? स्टीअरिंगमध्ये येत असेल तर बहुतेक पुढची चाकं. सीटमधून, पायाखालच्या पत्र्यातून येत असेल तर बहुतेक मागची. बहुतेक म्हणतोय, कारण जास्तच बिघडलेलं मागचं चाक सगळी गाडी हलवतं आणि मग स्टीअरिंगही हलतं.

दुसरी, ॲक्सिलरेटर. ९५ ला एकसारखं चालताना पाय उचला. थरथर लगेच गेली आणि परत दाबल्यावर आली, तर संशय ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटवर. दाब आला की झिजलेला जॉइंट मध्यभागी राहत नाही. पाय उचलूनही तशीच राहिली आणि फक्त वेगाबरोबर हळूहळू उतरली, तर शाफ्टवरचा संशय बहुतेक गेला.

तिसरी, इंजिन. त्याच वेगाला पाचवा काढून चौथा टाका. वेग तोच, पण इंजिनचे फेरे वाढले. थरथर बदलली नाही तर इंजिन आणि त्याचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) यातून बाहेर. बदलली तर उभ्या गाडीत तेवढेच फेरे देऊन बघा, तिथंही येईल. न्यूट्रल करून किंवा चावी बंद करून हे बघायला जाऊ नका. चावी बंद झाली की ब्रेकची मदत जाते, स्टीअरिंग जड होतं. गाडी चालू, गिअरमध्ये, एवढ्यावरच सगळं समजतं.

चौथी, ब्रेक. मागं कुणी नाही हे बघून हलका ब्रेक लावा. ब्रेक लावल्यावरच स्टीअरिंग नाचत असेल तर डिस्क. डिस्क वाकते असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा तिची जाडी एका जागी कमी, एका जागी जास्त झालेली असते, तेही केसाएवढ्या फरकानं, आणि तेवढा फरक पुरतो.

आणि थरथर प्रवासाच्या सुरुवातीला असते की नंतर येते हेही आठवून बघा. गाडी महिनाभर एकाच जागी उभी होती आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरलाच थरथर असते, तर टायर जमिनीला टेकून एका जागी चपटा झालाय. गरम झाला की तो गोल होतो, त्यावर खर्च करू नका. उलट तीस-चाळीस किलोमीटर गेल्यावर सुरू होऊन वाढतच जात असेल, तर कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अडकून ब्रेक पॅड डिस्कला घासत असण्याची शक्यता मोठी. थांबून चाकांजवळ तळहात धरा, लावू नका, नुसता धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं तापलेलं असेल तर उत्तर मिळालं.

तुमचं लिहिणं बघता थरथर स्टीअरिंगला आहे आणि वेगाशी बांधलेली आहे. ब्रेकचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. बाकीच्या तपासण्या याच बाजूनं आल्या, तर आपण पुढच्या दोन चाकांवर येऊन पोचलो: टायर, रिम, आणि रिम जिथं बसते तो हब.

आता तुम्ही म्हणाल, बॅलन्सिंग तर दोनदा झालंय. इथंच सगळे फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

बॅलन्सिंगचं मशीन फक्त वजन बघतं. चाक गोल आहे का, हे साधं मशीन बघत नाही. अंडाकृती चाकालाही योग्य जागी वजनं लावली की पडद्यावर शून्य-शून्य येतं. ते चाक गाडीला लागलं आणि त्यावर तीन-साडेतीनशे किलोचा भार आला, की दर फेऱ्याला गाडी उचलली जाते. टायरवर भार देऊन बघणारं मशीनही असतं, पण ते सगळीकडं नसतं. आमच्याकडं त्याचं काम डोळे आणि डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं माप) करतात. चाक मशीनवर हळू फिरत असताना समोर बसून नक्षीच्या टोकाकडं बघायचं. एका जागी टायर उचलला जातो का? बाजूची भिंत डावी-उजवी डुलते का? रिमची कड डुलते का? एक मिलिमीटरच्या वर फरक गेला की मी त्या चाकावर संशय घेतो. काही वेळा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला की टायरचा उंच भाग रिमच्या खोल भागावर येतो आणि दोष निम्म्यावर येतो. हे मेहनतीचं काम आहे, गर्दीच्या वेळी कुणी करत नाही. तुम्ही मागणी करा.

दुसरं, चाक मशीनवर नीट मध्यभागी बसलं होतं का? चाक मध्यभागी धरणारा मशीनचा कोन (शंकू) चुकीचा लावला किंवा रिमच्या भोकाला माती होती, तर चाक तिरकं बसतं आणि मशीन चुकीच्या जागी वजन मागतं. याची परीक्षा सोपी आहे आणि ती करायला सांगायला लाजू नका. शून्य आल्यावर म्हणायचं, आता चाक सोडा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसा आणि पुन्हा फिरवा. पुन्हा शून्य किंवा पाचाच्या आत आलं तर काम खरं. अचानक १५, २० ग्रॅम दाखवायला लागलं तर आधीचं शून्य खोटं होतं. बऱ्याच मशीन पाच ग्रॅमच्या आतलं वजन तसंही शून्यच दाखवतात, हेही लक्षात ठेवा.

तिसरं आपल्या भागाचं खास आहे. काळी माती. गेल्या पावसाळ्यात मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याची गाडी आली. त्यांनीही दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतलं होतं, दोन्ही वेळा चाक बाहेरून स्वच्छ पुसलेलं. मी चाक काढून उलटं ठेवलं. रिमच्या आतल्या कडेला वीतभर लांबीची मातीची वडी चिकटलेली, सुकून विटेसारखी कडक. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडली तेव्हा तिच्यात ज्वारीच्या पानाचे तुकडे दिसत होते. नुसती गंमत म्हणून काट्यावर टाकली, १३० ग्रॅम भरली. मधल्या काळात काय झालं असेल ते बघा: एका ठिकाणी मातीसकट बॅलन्सिंग झालं, मग रस्त्यात मातीचा तुकडा पडला, आणि लावलेली वजनंच उलटी भारी झाली. शेतात, उसाच्या फडाकडं, ओल्या रस्त्यानं गाडी नेत असाल तर आधी चाकं आतून धुवा, मगच मशीनवर चढवा. अलॉय रिमला चिकटपट्टीची वजनं लागतात, तीही धुळीवर चिकटवली तर एप्रिल-मेच्या उन्हात सुटतात. रिमवर जुन्या पट्टीचा काळा डाग आहे आणि वजन नाही असं दिसलं तर समजा पडलंय.

चौथं, टायरमध्ये पंक्चरचं औषध टाकलंय का? ते द्रव असतं. गाडी उभी असताना खाली जमतं, फिरताना पसरतं, आणि सारखं पसरेलच असं नाही. ते आत असेपर्यंत बॅलन्सिंग टिकत नाही. तुम्ही टाकलं नसेल, तरी हायवेवर एखाद्या पंक्चरवाल्यानं टाकलं असेल. टायर उघडल्याशिवाय कळत नाही.

पाचवं सगळ्यात गंभीर, आणि टायर वर्षाचेच आहेत म्हणून ते सोडून देऊ नका. टायरच्या आतले तारेचे पट्टे रबरापासून सुटू लागले की वरून नक्षी चांगली दिसते, पण एका जागी टायर किंचित फुगतो. खड्ड्यात आपटल्यानं होतं, हवा कमी ठेवून भार वाहिल्यानं होतं. चाक वर उचलून नक्षीवरून तळहात हळूहळू फिरवा, भाकरीच्या पिठावरून फिरवतो तसा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला लागतो. आधी तारा नाहीत ना ते बघा, हात कापतो. भिंतीवर फुगा आला असेल तर तो डोळ्यालाही दिसतो. असा टायर मिळाला तर तो मागं लावू नका, स्टेपनीला ठेवू नका, विकूही नका. आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ अंशांना डांबर तापतं, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असतं, आणि असा टायर फुटतो तो वेगातच फुटतो. थरथर ही इथं तक्रार नसते, वेळेवर मिळालेली सूचना असते. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, तेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. वर्षापूर्वी घेतलेला टायर वर्षापूर्वीच बनला होता का, हे एकदा बघून घ्या.

हबचं थोडक्यात. रिमची पाठ आणि हबचं तोंड यांच्यामध्ये गंज किंवा मातीचा एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. तारेच्या ब्रशनं दोन्ही बाजू साफ करून घ्यायच्या. नट एकाआड एक समोरासमोर कसायचे, शेवटचा कस टॉर्क पान्ह्यानं. लहान गाड्यांना बहुधा १०० न्यूटन मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हवेच्या गननं एका बाजूनं घर्र करून आवळले तर डिस्कवर उलटसुलट ताण येतो. आणि बाहेरून घेतलेल्या अलॉय रिम असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं असू शकतं, त्यात मध्ये बसणारी कडी लागते. कडी नसली की चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी येतं, आणि दर वेळी येतंच असं नाही.

मग शॉकअप आणि लोअर आर्म कधी बदलायचे? शॉकअपमधून तेल गळत असेल, खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल, टायरवर खालीवर कप (खळगे) पडले असतील तेव्हा. लोअर आर्मचा बुश फाटला असेल किंवा बॉल जॉइंटमध्ये खेळ (ढिलेपणा) असेल तेव्हा. खेळ कसा बघायचा? चाक वर उचलून वर-खाली धरून हलवायचं, मग डावीकडं-उजवीकडं धरून हलवायचं. वर-खाली खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा लागला तर टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). गॅरेजवाल्यांना म्हणा, मला तो खेळ हातानं दाखवा. दाखवला तर जरूर बदला, ६२ हजारांत आपल्या रस्त्यांवर बुश जाणं अजिबात नवल नाही. झिजलेला बुश असेल तर चाकातला दहा ग्रॅमचा फरकही हाताला तीस ग्रॅमसारखा लागतो, त्यामुळं तुमचे गॅरेजवाले अर्धे बरोबरही असू शकतात. पण तरीही आधी चाक, मग बुश. बेअरिंग गेलं असेल तर थरथरीपेक्षा घुमण्याचा आवाज जास्त येतो, आणि लांब वळणावर तो कमी-जास्त होतो.

ज्यांच्याकडं मागच्या चाकांना ताकद देणारी जीप किंवा मोठी गाडी आहे त्यांनी प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि मधलं बेअरिंगही बघावं. तो शाफ्ट चाकाच्या साडेतीन-चार पट वेगानं फिरतो, त्यामुळं त्याची थरथर बारीक, भुणभुणल्यासारखी आणि सीटखाली येते. तुमच्या गाडीत तो नाही.

तर तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा. रविवारी सकाळी गाडी थंड असताना दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरा, चारही चाकं आतून धुवा. मग डाव्या बाजूचं पुढचं चाक मागं, मागचं पुढं, तसंच उजवीकडं. जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, ज्या चाकाला हात लावत नाही त्याला दगड लावलेला. घरचा जॅक एकच असेल तर पंक्चरवाल्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालू नका. स्टेपनी बारीक टायरची असेल तर ती या परीक्षेत वापरू नका, तिला वेगाची मर्यादा असते.

मग त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं मोहोळपर्यंत जाऊन या. थरथर स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेली, किंवा जवळजवळ गेलीच, तर दोष मागं गेलेल्या दोन चाकांपैकी एकात आहे. ती दोन्ही चाकं घेऊन चांगल्या मशीनवाल्याकडं जा आणि वर लिहिलेली अर्ध्या फेऱ्याची परीक्षा समोर बसून करून घ्या. थरथर जशीच्या तशी स्टीअरिंगमध्येच राहिली तर चाकांवरचा संशय गेला. मग हबचं तोंड, डिस्क आणि शाफ्ट, या क्रमानं डायल गेज लावून बघायचं. यातलं काय झालं, आणि ब्रेक लावल्यावर काय होतं, एवढं कळवा. १८ हजारांचं काम तोपर्यंत थांबवा. फक्त तळहाताला उंचवटा लागला किंवा भिंतीवर फुगा दिसला, तर मोहोळलाही जाऊ नका, आधी तो टायर काढा.